थोडा घाल, विथरू नको

"आजोबांना गप्प बसू देऊ नका," असं दाताच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सूनबाईनं ते मनावर घेतलं नाही. तिचा फारसा दोष नाही म्हणा. रक्त किती वेळ येणार, कापसाचा बोळा गिळला गेला तर काय करायचं, झोपेत जीभ जखमेला लागली तर चालते का, आणि आजोबांनी चार वर्षांच्या नातीचा पापा घेतला तर नातीला काही होईल का, असले प्रश्न ती घरून पाठ करून आली होती. त्या सगळ्यांची उत्तरं साठवल्यावर डोक्यात आणखी एका वाक्याला जागा उरत नाही.

शिवाय ते वाक्यच मुळात विनोदी होतं. बाबा आणि गप्प? तिच्या सासऱ्यांचं उभं आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांना रांग कशी लावावी हे सांगण्यात गेलं होतं, आणि निवृत्तीनंतर तेच काम ते बाल्कनीतून करत होते. खाली कुणी स्कूटर तिरकी लावली की बाबांचा आवाज सुटलाच. "ते गप्प बसले तर आमच्या इमारतीतले लोक तुमचा जाहीर सत्कार करतील, डॉक्टर," असं ती म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत. स्वतःचे दात इतके चांगले असूनही हसले नाहीत, तेव्हाच तिनं काहीतरी ओळखायला हवं होतं.

उरलेसुरले दात निघाले. हिरड्या भरून आल्या की कवळी बसवायची असं ठरलं, आणि बाबा मोकळ्या तोंडानं घरी आले. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी छोटीनं नेहमीप्रमाणे गोष्ट मागितली आणि बाबांनी सुरुवात केली, "एका जंगलात एक थिंह होता."

"काय होता?"

"थिंह."

झालं. छोटी पलंगावरून खाली लोळली. समोर दात नसले की 'स' नावाचं अक्षर हवेतल्या हवेत निसटतं आणि त्याच्या जागी 'थ' येऊन बसतो, हे बाबांच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी सावरून पुढे रेटलं. "आणि एक थथा होता." ससा 'थथा' झाल्यावर मात्र छोटीला उचकी लागली. दुसऱ्या दिवशी खाली खेळताना तिनं हा सगळा कार्यक्रम इमारतीतल्या मुलांना करून दाखवला. मुलांनी तो बाल्कनीकडे तोंड करून परत केला. बाबांनी तो वरून ऐकला, बाल्कनीचं दार लावलं, आणि गप्प बसले.

ते खरोखरच गप्प बसले. खाली लोक स्कूटर आडव्या लावू लागले, बाबा बोलेनात. बागेतल्या बाकावरचे मित्र बोलवायला आले, बाबांनी मान हलवून परत पाठवले. जेवताना सूप तेवढं घ्यायचे, तेही दोन चमचे, आणि बोटानं वाटी पुढे सरकवायचे. विजारीचा पट्टा एकेक भोक आत चालला. सूनबाई वाटीत उरलेलं सूप मोजू लागली. मूल जेवलं नाही तर काय करायचं यावर तिनं पुस्तकं वाचली होती. सासरा जेवला नाही तर त्याला विमान करून घास भरवता येत नाही.

"आत्या करायची तसली मऊ बिस्किटं असतील तर खातील," एकदा नवरा म्हणाला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. "चहात न बुडवता खाता यायची. बाबांना बुडवलेलं बिस्कीट आवडत नाही."

"का?"

"ते म्हणतात, बुडवून खायचं असेल तर लगदाच करावा, बिस्कीट कशाला."

"मग कशी करायच्या आत्या ती बिस्किटं?"

"मला काय माहीत? मी खायचो." एवढं बोलून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. हा त्याचा मदत करण्याचा पवित्रा होता. ऐन वाटेत उभं राहून तो "मी काही मदत करू का?" असं विचारत असे.

आता सूनबाई चांगली शिकलेली होती. कुठलीही अडचण आली की आधी माहिती काढायची, ही तिची सवय. तिनं फोन उघडून 'मऊ बिस्किटांची कृती' असं लिहिलं, आणि तेव्हा तिला आपल्या भाषेची एक मोठी उणीव कळली. मराठीत बिस्कीट कुरकुरीत असतं, खुसखुशीत असतं, खमंग असतं. मऊ बिस्कीट मात्र नसतं. मऊ बिस्किटाला आपल्याकडे एकच शब्द आहे, सादळलेलं, आणि तो शब्द बिस्किटाला लावला की ते डबा लावणाऱ्या बाईच्या चारित्र्यावर जातं. फोननं तिला पहिला निकाल दाखवला तोच मुळी 'सादळलेली बिस्किटे पुन्हा कुरकुरीत कशी करावीत'. दुसरा निकाल गादीच्या जाहिरातीचा होता.

बऱ्याच शोधानंतर एक बाई सापडल्या. 'आजीच्या हातची मऊ पारंपरिक बिस्किटं' असं त्यांनी लिहिलं होतं. खाली मजकूर सुरू झाला. आजीचं अंगण, आजीची माया, आजीचा चष्मा, आजीनं त्यांना एकदा कसं समजावलं. सूनबाई अंगठ्यानं मजकूर वर ढकलत राहिली, पण आजी काही केल्या पिठाला हात लावीना. शेवटी मैदा आला तेव्हा छोटीनं बाहेरून हाक मारली, तेवढ्यात पान हललं आणि परत आजीचं अंगण आलं.

मग तिनं सरळ आत्यांनाच फोन लावला. आत्या दुसऱ्या गावी एकट्या राहायच्या. बाबांपेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या. त्यांचे दात बाबांच्याही आधी गेले होते, आणि कवळी या वस्तूला त्यांनी कधी घरात घेतलं नव्हतं. "दुथऱ्याचं तोंड मी माझ्या तोंडात घालणार नाही," असं त्या म्हणत.

"आत्या, बाबा जेवत नाहीत हो. तुमची मऊ बिस्किटं कशी करायची ते सांगता का?"

"थांगते की. त्यात काय आहे? मैदा घे, लोणी घे, थाखर घे. लोणी-थाखर फेथून घे. वर थाय घाल."

सूनबाईला सगळं कळत होतं. थाखर म्हणजे साखर, थाय म्हणजे साय. आपल्या तल्लखपणाचं तिचं तिलाच कौतुक वाटलं.

"आणि थोडा घाल. थोडा घालायला विथरू नको."

"नाही आत्या, मी विथरलेली नाही. जरा काळजी वाटते इतकंच. पण काय थोडा?"

"अगं, थोडा!"

"हो, थोडाच. पण काय?"

"थोडा गं बाई, थोडा! जाथ्त थोडा घातलाथ तर कडू होतं. थोडाच थोडा घाल. आणि फुगली की काढ, लाल होऊ देऊ नकोथ." एवढं सांगून आत्यांनी फोन ठेवला. फोनवर जास्त बोललं की कान गरम होतो, असं त्यांचं मत होतं.

आता कुणी म्हणेल, ज्या घरात 'थिंह' होऊन गेला त्या घरातल्या बाईला एवढं कळू नये? पण नीट विचार करा. थाखर नावाची वस्तू जगात नाही, म्हणून ती लगेच साखर होते. थोडा नावाचा शब्द मात्र आहे, चांगला रुळलेला, रोजच्या वापरातला. आणि ओळखीचा शब्द समोर आला की माणूस त्याची चौकशी करत नाही. विथरण्याचंही तेच. सूनबाईला आयुष्यभर लोक 'विथरू नको' असंच सांगत आले होते, त्यात तिला नवल वाटलं नाही.

ती टेबलाशी बसली आणि तिनं शिक्षण कामाला लावलं. कॉलेजात व्याकरणात तिला पैकीच्या पैकी मार्क पडत. थोडा. थोडी नव्हे, थोडं नव्हे. म्हणजे वस्तू पुल्लिंगी आहे. साखर स्त्रीलिंगी, ती बाद. साय बाद. लोणी, दूध, मीठ नपुंसकलिंगी, तेही बाद. आत्यांनी सांगितलेल्या जिनसांत पुल्लिंगी एकच, मैदा.

"मैदा थोडा घालायचा आहे!" ती ओरडली. नवरा दारातच उभा होता. तो म्हणाला, "वा! मी काही मदत करू का?"

ओव्हनचा प्रश्न होता. तो वरच्या मजल्यावरच्या हेडबाईंकडे होता. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका त्या. ओव्हनमध्ये त्या जुनी वर्तमानपत्रं ठेवत. वर्तमानपत्रं काढून ओव्हन खाली यायला दुपार गेली, कारण हेडबाई प्रत्येक वर्तमानपत्र उघडून त्या तारखेला काय झालं होतं ते सांगत होत्या.

थोड्या मैद्याची बिस्किटं ओव्हनमध्ये गेली तेव्हा वेगवेगळी होती. आत गेल्यावर त्यांनी एकमेकांचे हात धरले. बाहेर आली ती एक अखंड चादर, तुपकट, लिबलिबीत, उचलली की मधे ओळंबणारी. सूनबाईनं तिचे चौकोन कापून एक बशी हेडबाईंना पाठवली. ओव्हनचे उपकार होते.

हेडबाई बशी घेऊन स्वतःच खाली आल्या. "मुली, वाईट वाटून घेऊ नकोस. सादळलीयत."

"बाई, ती मऊच करायची होती."

"असं म्हणतात खरं," हेडबाई म्हणाल्या. वर्गात गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला असं सांगणाऱ्या मुलींकडे त्या याच नजरेनं बघत असाव्यात. "घट्ट झाकणाचा डबा वापर. तळाशी टिपकागद घाल. मी तुला देते टिपकागद."

टिपकागद आला. तो परत करता येत नव्हता आणि वापरताही येत नव्हता. बाबांनी चौकोन हातात घेतला, तो मनगटावर लोंबला. त्यांनी तो हळूच बशीत निजवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

सूनबाईनं पुन्हा फोन लावला. "आत्या, मैदाच थोडा ना?"

"मैदा थोडा? मैदा भरपूर! थोडा वेगळा!"

वेगळा थोडा. म्हणजे मैद्याव्यतिरिक्त आणखी एक पुल्लिंगी वस्तू. तिच्या डोक्यात वीज चमकली. रवा! पीठ हलकं व्हावं म्हणून रवा घालत असणार. तिनं रवा घातला, आणि थोडा म्हणजे किती हे कुणीच न सांगितल्यामुळे हात सैल सोडला.

त्या बिस्किटांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एक फरशीवर पडलं, फरशीचा टवका उडाला. छोटीनं त्यांचा मनोरा रचला. दोन बिस्किटं बाल्कनीच्या दाराला अडणी म्हणून लावली, आणि ती कामाला फार चांगली निघाली. ज्यांच्या तोंडात एकही दात नाही अशा माणसापुढे ती बशी ठेवायचा धीर तिला झाला नाही. पण बाबांनी ती येताजाता पाहिली, आणि आपली थट्टा आता सगळ्या घरानंच सुरू केली असा त्यांचा समज झाला असावा. त्या रात्री त्यांनी सूपही घेतलं नाही.

सूनबाईला रडू आलं. आतापर्यंत ती बिस्किटं शोधत होती, आता तिला बाबाच सापडेनासे झाले होते. डॉक्टरांनी कवळीसाठी माप घ्यायला बोलावलं तर बाबा जागचे हलेनात. तोंड उघडून दाखवायला लागेल म्हणून. डॉक्टर फोनवर म्हणाले, "असंच वजन उतरत राहिलं तर मला आधी त्यांना दवाखान्यात भरती करायला सांगावं लागेल. खायला घाला काहीतरी. आणि बोलतं करा."

म्हणजे आता बिस्कीट हा लाडाचा विषय उरला नव्हता. तिनं पदर खोचला. म्हणजे ती पंजाबी ड्रेसात होती, पण मनातल्या मनात खोचला. 'जास्त घातलास तर कडू होतं' या वाक्यावर तिनं नव्यानं चिंतन केलं. पुल्लिंगी, बिस्किटात घालण्याजोगा, आणि जास्त झाला तर कडू होणारा. मध! मध जळला की कडू होतो. गणित जुळलं.

मध घालून बिस्किटं आत गेली. थोड्या वेळानं मध वितळला, ताटलीवरून ओघळला, आणि ओव्हनच्या तळाशी जाऊन त्यानं पेट घेतला. धूर झाला. सूनबाईनं घाबरून ओव्हनचं बटण बंद करायच्या ऐवजी पूर्ण फिरवलं. फट् असा आवाज आला आणि अख्ख्या जिन्याची वीज गेली. तेवढ्यात कुठूनतरी "अहो! अहो, कुणी आहे का?" असा दबका आवाज येऊ लागला. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये अडकले होते.

ते बाहेर निघाले ते थेट तिच्या दारात. घामानं निथळलेले, हातात भाजीची पिशवी. "वहिनी, काय चाललंय हे? निवासी इमारतीत भट्टी लावलीत?"

"भट्टी नाही हो, बिस्किटं करतेय."

"तेच ते. भाजणं म्हणजे उत्पादन. उत्पादनाला कमिटीची लेखी परवानगी लागते. विजेचा भार किती, धूर कुठल्या दिशेला जाणार, सगळं अर्जात लिहा. आणि उत्पादनाचे नमुने सादर करा."

"नमुने कशाला?"

"कमिटी तपासणार. नियमच आहे."

नियम त्यांनी तिथेच उभं राहून केला होता हे उघड होतं. अर्ज मंजूर होईपर्यंत ओव्हन लावायचा नाही, आणि ओव्हन लावल्याशिवाय नमुने नाहीत, आणि नमुन्यांशिवाय अर्ज मंजूर नाही. हे तिनं त्यांच्या नजरेला आणून दिल्यावर सेक्रेटरींनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मग असं करा, मला सांगून लावा. मी त्या वेळी लिफ्टनं जाणार नाही."

धूर निवळल्यावर सूनबाईनं त्या काळ्या बिस्किटाचा तुकडा जिभेवर ठेवला. कडू! आणि काय आश्चर्य, तिचा चेहरा उजळला. आत्यांनी सांगितलं होतं तसंच झालं होतं. म्हणजे वस्तू बरोबर, प्रमाण चुकलं. शिक्षणाचा हा फायदा आहे, माणसाला आपल्या चुकीतही पुरावा सापडतो.

खात्री करून घ्यायला तिनं बैठकीच्या खोलीतूनच फोन लावला. हात मधानं चिकट होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. हेडबाई आपला ओव्हन जिवंत आहे का ते बघायला येऊन बसल्या होत्या. छोटी अडणीच्या बिस्किटांवर उभी होती. नवरा स्वयंपाकघराच्या दारात होता.

"आत्या, मध थोडा, बरोबर ना?"

"मध? मध कशाला? तू काय औषध करतेथ की काय? थोडा घाल, थोडा!"

"अहो पण काय थोडा? रवा थोडा?"

"रवा नाही! थोडा! चिमूटभर थोडा!"

"थोडा काय, ते सांगा ना!"

"थोडाच थांगतेय की मघापाथून!"

"हे क्रियाविशेषण आहे की विशेषण?" हेडबाईंनी मधेच विचारलं. चाळीस वर्षं शिकवल्यावर माणूस गप्प बसू शकत नाही.

"कोण बोलतंय ते? तिला म्हणावं तू मधे पडू नकोथ! कॉलेजात जाऊन थोडा कळत नाही यांना!"

आणि तेव्हा आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. बाबा बाहेर आले. पट्टा एका हातानं धरलेला, केस विस्कटलेले, चेहरा लाल. कित्येक दिवस साठलेलं त्यांच्या तोंडून एकदम फुटलं.

"अगं, ती थोडा म्हणतेय! थोडा!"

सूनबाईच्या तोंडून कसंबसं निघालं, "हो बाबा, थोडाच. पण काय?"

"थोडा नव्हे गं! थोडा!"

"थोडा!" फोनमधून आत्या ओरडल्या.

"थोडा!" बाबांनी टेबलावर हात आपटला. आता दोघं भावंडं दोन गावांतून एकाच सुरात ओरडत होती, एकमेकांचं दोघांना अगदी तंतोतंत कळत होतं, आणि मधे सापडलेल्या तीन सुशिक्षितांना काही म्हणता काही कळत नव्हतं. शेवटी बाबांनी नवऱ्याला दारातून बाजूला ढकललं. त्या दारातून इतक्या दिवसांत प्रथमच कुणी सरळ आत गेलं. फळीवरचे डबे खणाखण वाजले. एक छोटा पत्र्याचा डबा घेऊन ते बाहेर आले आणि त्यांनी तो सूनबाईच्या नाकासमोर धरला.

"हा! हा थोडा!"

तिनं डबा वाचला. खाण्याचा सोडा. छापलेलं होतं, म्हणून तिला पटलं.

"सोडा," ती हळूच म्हणाली.

"मग मी काय म्हणतोय!" बाबा.

"मग मी काय म्हणतेय!" आत्या.

"पुल्लिंगी आहे खरा," हेडबाई म्हणाल्या.

सूनबाईला कुठे तोंड लपवावं कळेना. पण तिच्याकडे बघायला कुणाला वेळच नव्हता. बाबा खुर्ची ओढून फोनजवळ बसले होते. "काय गं ताई, बरी आहेथ ना? ... हो, काढले थगळे. ... नाही, दुखत नाही. ... हथतात गं थगळे, म्हणून बोलत नव्हतो." पलीकडून आत्या काहीतरी म्हणाल्या आणि बाबा हसले. मोकळ्या हिरड्या दाखवत, खांदे हलवत हसले. छोटी अडणीवरून उतरून त्यांच्या मांडीवर चढली. ती पण हसत होती, पण आता कोण कुणाला हसतंय ते वेगळं काढता येत नव्हतं.

सेक्रेटरींना सांगून ओव्हन लावला. ते खबरदारी म्हणून जिन्यात थांबले. चिमूटभर सोडा, लाल व्हायच्या आत बाहेर. बिस्किटं फुगली, टाचणीनं टोचलं तर उसासा टाकतील इतकी मऊ. बाबांनी एक तोंडात घातलं आणि डोळे मिटले. मग दुसरं घातलं. सूनबाई मोजत नव्हती असं म्हणवत नाही. तिसऱ्याला तिनं श्वास सोडला.

नमुने कमिटीकडे गेले. सेक्रेटरींनी जिन्यातच एक चावलं, चघळलं, विचार केला. "वहिनी, राग मानू नका. सादळलीयत."

"थादळली नाहीत!" बाल्कनीतून आवाज सुटला. "मऊ आहेत! आणि ती तुमची थ्कूटर आहे का हो? थरळ लावा आधी!"

सगळी इमारत ऐकत होती. बाबांना त्याची पर्वा नव्हती.

त्यानंतर रोज संध्याकाळी भावाबहिणीचा फोन ठरलेला. घरातल्या इतरांना त्यातलं निम्मं कळत नसे, आणि त्या दोघांना ते फार आवडत असे. बाबा जेवायला लागले, डॉक्टरांकडे गेले, तोंड उघडून माप दिलं. कवळी आली. पहिल्याच दिवशी छान बसली. आरशासमोर उभं राहून बाबांनी सिंह म्हटलं, ससा म्हटलं, सोडा म्हटलं. एकेक 'स' कसा शिट्टीसारखा! इतकी मोठी बातमी आधी ताईला सांगायची म्हणून त्यांनी लगेच फोन लावला.

"ताई, मी बोलतोय. सगळं सुरळीत. कवळी सुरेख बसलीय."

पलीकडून आत्या म्हणाल्या, "कोण बोलतंय?"

"अगं मीच. तुझा भाऊ."

"माझा भाऊ अथं बोलत नाही," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून त्या फोन उचलत नाहीत. बाबा संध्याकाळ झाली की कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवतात, फोन लावतात, आणि पूर्ण घंटी वाजेपर्यंत कानाशी धरून बसतात. नवरा फोनवर म्हणतो, रुसली असेल. हेडबाई म्हणतात, ऐकू गेलं नसेल. सूनबाईच्या डोळ्यांपुढे मात्र न्हाणीघराची ओली फरशी येते, चालू राहिलेला गॅस येतो, आणि आणखी काय काय येतं ते ती कुणाला सांगत नाही. ती स्वतः केव्हाच गेली असती, पण छोटीला गालगुंड झालंय, आणि तो ठेवा घेऊन म्हाताऱ्या माणसाच्या दारात जायचं नसतं. नवरा ऑफिसच्या कामानं परगावी. बाबांना एकट्याला पाठवायची तिची छाती होत नाही.

म्हणून तिची तुम्हाला विनंती आहे. आत्यांचं घर म्हणजे शिंप्याच्या दुकानावरचा मजला, निळं दार, कडेला दुधाची पिशवी अडकवायचा खिळा. तुमच्यापैकी कुणी त्या वाटेनं जाणार असेल तर जरा वर चढून बघा. पिशवी तशीच लोंबत असेल तर शेजाऱ्यांना हाका मारा. नसेल तर कडी वाजवा, बेल बंद आहे. आतून "कोण आहे?" असं विचारतील. तेव्हा कृपा करून आपलं नेहमीचं शुद्ध बोलू नका, दार उघडायच्या नाहीत. एवढंच म्हणा, "ताई, भाऊ थारखा वाट बघतोय."